उंची कळसूबाईएवढी, पण हवा वेगळी: व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टमधले चार दिवस कसे आखाल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीहून गाडीने निघून ऑक्टोबरमधल्या कोलंबस डेच्या लाँग वीकेंडला चार दिवस न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टमध्ये जायचं आहे. बरोबर नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आहेत, शिवाय पुण्याहून आलेले आई-बाबा. पानांचे रंग बघायचे आहेत आणि एक दिवस फ्रँकोनिया रिजचा, म्हणजे माउंट लाफायेटवरून जाणाऱ्या डोंगरधारेचा, पूर्ण लूप करायचा आहे. शेवटी तुम्ही लिहिलं आहे, "आम्ही दोघांनी कॉलेजात असताना हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केला आहे. माउंट लाफायेट सव्वापाच हजार फूट, म्हणजे कळसूबाईपेक्षाही थोडा कमीच. मग मुलांना घेऊन जमेल ना?"

मी गेली अठरा वर्षं या डोंगरांत बारा महिने हिंडतो आहे आणि दर वर्षी आपल्या मंडळींना घेऊन दोन-तीन वेळा तरी वर जातो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: जमू शकेल, पण तुम्ही ठरवलेल्याच दिवशी जमेल असं धरून येऊ नका. तुमचा सगळा बेत त्या एका दिवसाभोवती बांधलेला आहे. तो उलटा करा. प्रत्येक दिवसाला एक वरचा आणि एक खालचा पर्याय ठेवा, आणि खालच्या पर्यायातही सगळ्यांना मजा येईल असं बघा. मग हवा बिघडली तर माघारी फिरणं जड जात नाही.

उंचीची तुलना मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिथूनच सुरुवात करतो. कळसूबाई ५,४०० फूट आणि लाफायेट साधारण ५,२५० फूट, हा हिशेब बरोबर आहे. पण कळसूबाई विसाव्या अक्षांशाच्याही खाली आहे आणि लाफायेट चव्वेचाळिसाव्या. हिमालयात झाडं संपायला साधारण अकरा-बारा हजार फूट चढावं लागतं. इथे ती साडेचार हजारांच्या आसपासच संपतात. म्हणजे लाफायेटच्या माथ्यावर तुम्ही उभे असता तेव्हा हवेच्या दृष्टीने हिमालयातल्या बारा हजार फुटांवर असता, फक्त दम लागत नाही एवढंच. दम लागत नाही म्हणून माणूस गाफील राहतो.

जवळच्याच प्रेसिडेन्शियल रेंजमधला माउंट वॉशिंग्टन ६,२८८ फूट आहे. १२ एप्रिल १९३४ रोजी त्याच्या माथ्यावरच्या वेधशाळेत ताशी २३१ मैल, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. जगातला विक्रम म्हणून ती नोंद ६० वर्षांहून अधिक काळ टिकली. आजही माणसाने हजर राहून मोजलेला तोच सर्वांत मोठा वारा. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच माथ्यावर विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, उणे १०८ फॅरनहाइटपर्यंत उतरलं होतं. तुम्ही फेब्रुवारीत येत नाही आहात, हे खरं. पण या डोंगररांगेवर आजवर दीडशेहून जास्त माणसं दगावली आहेत आणि त्यांतली बरीच थंडीच्या ऋतूत नव्हे, तर उन्हाळ्यात आणि पानगळीत.

आता थोडं 'नॅशनल फॉरेस्ट' या शब्दाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात 'पार्कचं गेट कुठे आहे, तिकीट आधी काढायचं का' असंही आहे. हे नॅशनल पार्क नाही. नॅशनल पार्क इथल्या इंटिरिअर डिपार्टमेंटकडे असतात. नॅशनल फॉरेस्ट कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे. इथे लाकूडतोड होते, शिकार चालते, कुत्री नेता येतात, आणि सरकारी पाट्यांवरच 'लँड ऑफ मेनी यूजेस' असं लिहिलेलं असतं. गेट नाही, प्रवेशाचं तिकीट नाही, दिवसाच्या ट्रेकला परमिट नाही. काही पार्किंगच्या जागी दिवसाचे ५ डॉलर एका पाकिटात घालून पेटीत टाकायचे आणि त्याची पट्टी गाडीच्या आरशाला लावायची. तुमच्याकडे नॅशनल पार्कांचा वार्षिक पास असेल तर तोही चालतो. हे सगळं सोयीचं वाटतं, पण गेट नाही याचा दुसरा अर्थ असा की तुम्हाला कुणी अडवणार नाही. वर वारा सुटला आहे, तुमच्याकडे टॉर्च नाही, दुपारचे दोन वाजले आहेत, तरीही कुणी हटकणार नाही. ते काम तुमचं तुम्हालाच करायचं आहे.

या जंगलाची गोष्ट मुलांना वाटेत नक्की सांगा. आज जे अथांग हिरवं, लाल, पिवळं दिसतं ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बऱ्याच ठिकाणी उघडं-बोडकं होतं. लाकूड कंपन्यांनी डोंगर साफ केले, मागे पडलेल्या फांद्या-पाल्याला आगी लागल्या, १८८६ आणि १९०३ मध्ये इथल्याच झीलंड नावाच्या खोऱ्यात मोठे वणवे लागले. खाली मेरिमॅक नदीवरच्या कापड गिरण्यांनाही पुराचा आणि पाणीटंचाईचा त्रास होऊ लागला. शेवटी १९११ मध्ये वीक्स कायदा झाला. नद्यांचे उगम राखण्यासाठी सरकारने खासगी जमीन विकत घ्यायची, असा तो कायदा. तो मांडणारे जॉन वीक्स इथल्याच लँकेस्टर गावात जन्मले होते. १९१८ मध्ये व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्ट रीतसर घोषित झालं. झीलंडमध्ये पांढऱ्या खोडाच्या बर्चची जी राई दिसते ती त्या वणव्यांनंतर उगवलेली आहे. जळलेल्या, उघड्या जमिनीवर सगळ्यांत आधी बर्चच येतो.

तारखांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. शक्य असेल तर कोलंबस डेचा वीकेंड टाळा. एक आठवडा आधी, तेही सोमवार ते गुरुवार आलात तर तेच रंग मिळतील आणि गर्दी मात्र निम्म्याहून कमी. रंग वरून खाली उतरत येतो. उंचावरची झाडं सप्टेंबरच्या शेवटीच पेटतात, खोऱ्यात ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा. लाल रंग मेपलचा, पिवळा बर्च आणि बीचचा. मध्येच वाऱ्या-पावसाचं एखादं वादळ आलं तर एका रात्रीत अर्धी पानं खाली येतात, त्यामुळे 'पीक'ची तारीख सांगणाऱ्या नकाशांवर फार विसंबू नका. मुलांच्या शाळेमुळे हाच वीकेंड घ्यावा लागणार असेल, तर राहण्याची जागा आजच बघा आणि रोज सकाळी साडेसहाला गाडी सुरू झालेली असेल अशी मनाची तयारी ठेवा.

राहायला लिंकन घ्या. फ्रँकोनियाची खिंड तिथून दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि कँकामॅगस हायवेही तिथूनच सुरू होतो. (इथे 'नॉच' म्हणतात ती आपली खिंडच. नकाशात फ्रँकोनिया नॉच, क्रॉफर्ड नॉच अशी नावं दिसतील.) अर्धे दिवस लिंकनला आणि अर्धे नॉर्थ कॉन्वेला असं करू नका. आई-बाबांचं सामान, औषधं, मुलांचे कपडे हे सगळं दर दोन दिवसांनी हलवण्यात सहल जाते. जंगलातले कँपग्राउंड्स सुंदर आहेत, पण ऑक्टोबरमध्ये पहाटे पारा शून्याला टेकतो. आई-बाबांना तंबूत नेऊ नका. मुलांना शेकोटीची हौस असेल तर सरपण तिथेच घ्या. बाहेरच्या राज्यातून साधं जळाऊ लाकूड आणायला न्यू हॅम्पशायरमध्ये बंदी आहे, कारण त्यातून झाडं पोखरणारे किडे येतात.

आता फ्रँकोनिया रिज. ही वाट मला इथल्या सगळ्या वाटांपेक्षा प्रिय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लूप साधारण ८.९ मैलांचा आहे आणि चढ ३,९०० फुटांच्या आसपास. फॉलिंग वॉटर्स ट्रेलने ३.२ मैल चढून लिटल हेस्टॅकच्या माथ्यावर पोचायचं, तिथून १.७ मैल उघड्या धारेवरून माउंट लिंकनमार्गे (हा डोंगर, गाव नव्हे) लाफायेट, मग १.१ मैल उतरून ग्रीनलीफ हट हे निवारागृह, आणि शेवटी ओल्ड ब्रायडल पाथने २.९ मैल खाली. याच दिशेने करा. फॉलिंग वॉटर्सला धबधब्याकाठचे गुळगुळीत कातळ आहेत आणि ओढा अनेकदा ओलांडावा लागतो. ते चढताना ठीक, पण थकलेल्या पायांनी उतरताना वाईट. त्यातून ऑक्टोबरमध्ये ओली पानं मुळांवर आणि दगडांवर बसलेली असतात आणि खाली काय आहे ते दिसत नाही. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर ही वाट सोडूनच द्या. ओढे अंदाजापेक्षा फार लवकर फुगतात.

वेळेचा हिशेब इथे लोक असा करतात: दर मैलाला अर्धा तास, आणि दर हजार फूट चढाला आणखी अर्धा तास. या लूपला तो साडेसहा तासांच्या जवळ येतो. त्यात थांबे धरलेले नाहीत. नऊ वर्षांचं मूल बरोबर असेल तर मी त्याची दीडपट धरतो, म्हणजे साडेनऊ-दहा तास. तुमच्या तारखांना सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. म्हणजे सकाळी सातला पाय वाटेला लागलेच पाहिजेत. सातला निघण्याचं दुसरं कारण पार्किंग. रिजच्या पायथ्याच्या दोन्ही जागा, उत्तरेकडे जाणाऱ्या बाजूची आणि रस्त्यापलीकडची लाफायेट प्लेस, चांगल्या हवेच्या शनिवारी उजाडताच भरतात. मग लोक महामार्गाच्या कडेला गाड्या लावतात आणि संध्याकाळी दमून परत येतात तेव्हा गाडी टो झालेली असते.

सह्याद्रीतल्या ट्रेकरला इथे आणखी एक गोष्ट जड जाते. वाटा वळणं घेत चढत नाहीत. शंभरएक वर्षांपूर्वी आखलेल्या वाटा आहेत, सरळ छातीवर चढतात, आणि पायाखाली माती कमी, दगड आणि मुळंच जास्त. नळीच्या वाटेची तुमची सवय तिथे उपयोगी पडेल, पण मुलांचे गुडघे उतरताना बोलायला लागतील. काठ्या आणा. धारेवर रुंदी पुरेशी आहे, दृष्टिभय वाटावं अशा जागा फार नाहीत. खरी अडचण वाऱ्याची आहे. त्या १.७ मैलांत आडोसा नाही आणि मध्येच खाली उतरायला वाटही नाही.

एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबरचाच दुसरा आठवडा होता. माझ्याबरोबर एक मित्र होता, नाशिकचा, माझ्यापेक्षा तब्येतीने कितीतरी दणकट. पार्किंगमध्ये तापमान ४८ फॅरनहाइट होतं, म्हणजे नऊ सेल्सिअस, आणि ऊन पडलेलं. त्याने जॅकेटच्या आत सुती टी-शर्ट घातला होता. चढताना तो घामाने भिजला, आणि मी ते बघूनही काही बोललो नाही. लिटल हेस्टॅकवर झाडीतून बाहेर पडलो तर वारा अंगावर आला, पाटीच्या एका बाजूला बोटभर बर्फाची पिसं जमलेली. तरी निघालो. पाऊण मैलाच्या आत तो बोलायचा थांबला. मला वाटलं, वाऱ्यामुळे असेल. एका मोठ्या दगडामागे बसून मी त्याच्या हातात चिक्कीची वडी दिली. प्लास्टिकचं वेष्टन होतं. तो ते उघडायचा प्रयत्न करत होता आणि अंगठा तर्जनीपर्यंत पोचतच नव्हता. दोन-तीनदा प्रयत्न करून त्याने वडी खिशात ठेवायला नेली, ती खिशाबाहेर पडली, आणि ती पडली हे त्याला कळलंच नाही. "नंतर खातो," एवढंच म्हणाला, आणि तेही जड जिभेने.

तिथून आम्ही उलटे फिरलो. झाडीत शिरल्यावर ओला टी-शर्ट काढून माझा लोकरीचा दिला, गरम पाणी दिलं, आणि पाऊण तासाने त्याचे दात वाजायला लागले तेव्हा मला हायसं वाटलं. दात वाजणं म्हणजे शरीर अजून झगडतं आहे. त्या अर्ध्या तासातलं त्याला आजही फारसं आठवत नाही.

म्हणून सांगतो, मुलांकडे वर असताना दर दहा मिनिटांनी नीट बघा. हात चुकायला लागणं, पाय अडखळणं, बोलणं जड होणं, कारण नसताना चिडचिड किंवा अचानक गप्प होणं, यांतलं एकही दिसलं तर 'थोडंच राहिलंय' म्हणायचं नाही. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात आणि सांगत नाहीत, कारण त्यांना आपल्या आई-बाबांचा हिरमोड करायचा नसतो.

आकड्यांत सांगायचं तर: खिंडीत ५० फॅरनहाइट असेल तर माथ्यावर साधारण ३६ असतं. दर हजार फुटांना तीन ते पाच अंश कमी धरा. त्यात ताशी ४० मैल वारा मिसळला की अंगाला ते २१ फॅरनहाइट लागतं, म्हणजे उणे सहा सेल्सिअस. आणि ४० मैल वारा त्या धारेवर ऑक्टोबरमध्ये अजिबात दुर्मीळ नाही. हवामान बघताना फोनवरचं लिंकन गावाचं तापमान बघू नका. माउंट वॉशिंग्टन ऑब्झर्व्हेटरी रोज 'हायर समिट्स फोरकास्ट' देते, तो वाचा, आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे निघताना. माझी स्वतःची मर्यादा अशी आहे: माथ्यांवर ताशी ३५ मैलांहून जास्त वारा सांगितला असेल तर मुलांना घेऊन मी धारेवर जात नाही. तीस किलोचं मूल त्या वाऱ्यात नीट उभंच राहत नाही.

निर्णयाची जागाही आधीच ठरवा. ती लिटल हेस्टॅकच्या खाली, झाडं संपायच्या शंभर पावलं आधी. तिथे थांबा, सगळ्यांनी सुके कपडे चढवा, खा, आणि घड्याळ बघा. साडेबारा वाजून गेले असतील किंवा वरून वाऱ्याचा घोंघावणारा आवाज येत असेल, तर आल्या वाटेने परत. हा निर्णय वर उघड्यावर गेल्यावर घेता येत नाही, कारण तिथे समोर लिंकनचा माथा हाकेच्या अंतरावर दिसत असतो.

या दिवसाचा खालचा पर्याय मला तितकाच आवडतो. ओल्ड ब्रायडल पाथने ग्रीनलीफ हटपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. येऊन-जाऊन ५.८ मैल, चढ अडीच हजार फुटांच्या आत, आणि जवळपास सगळी वाट झाडीतली. शेवटच्या टप्प्यात उघड्या कातळांवरून अख्खी फ्रँकोनिया रिज डोक्यावर उभी दिसते. हट ४,२०० फुटांवर आहे. अशा आठ हट्स या डोंगरांत ॲपलेचियन माउंटन क्लब चालवतो. ग्रीनलीफ साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडी असते, पण निघण्यापूर्वी त्या वर्षीची बंद होण्याची तारीख बघून घ्या. मुलांना गरम सूप मिळालं की उतरताना तक्रार होत नाही, हा माझा अनुभव. खरं सांगायचं तर नऊ वर्षांच्या मुलासाठी मी हाच पहिला बेत ठेवेन आणि पूर्ण लूप तेरा वर्षांचा दोन वर्षांनी मोठा झाल्यावर करेन.

धारेवर गेलातच, तर एक कळकळीची विनंती. फक्त दगडांवरून आणि आखलेल्या वाटेवरूनच चाला. वर जे शेवाळासारखं खुरटं हिरवं दिसतं त्या आर्क्टिक प्रदेशातल्या वनस्पती आहेत. हिमयुग ओसरल्यावर या माथ्यांवर अडकून राहिलेल्या. वाढ इतकी मंद की बुटाचा एक ठसा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. रॉबिन्स सिंकफॉइल नावाचं रुपयाएवढं पिवळं फुलझाड तर जवळपास याच डोंगरांत उरलं होतं. त्याच्यावरून जाणारी पायवाट हलवली, रोपं लावली, आणि २००२ मध्ये ते धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आलं. एक पायवाट हलवल्याने एक प्रजाती वाचली, हे मुलांना जरूर सांगा.

आई-बाबांच्या दिवसांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, 'त्यांना गाडीतून फिरवू'. तेवढ्यावर ठेवू नका. कँकामॅगस हायवे ३४.५ मैलांचा आहे, लिंकन ते कॉन्वे. त्यावर एकही पेट्रोल पंप नाही आणि बऱ्याच भागात फोनला रेंज नाही, तेव्हा टाकी आणि नकाशा दोन्ही आधी भरून घ्या. सकाळी सातला लिंकनहून निघा. दहानंतर तोच रस्ता मुंगीच्या गतीने चालतो. सॅबडे फॉल्सला थांबा, पाव मैलाची सोपी वाट आहे आणि धबधबा टप्प्याटप्प्याने कोसळतो. पुढे रॉकी गॉर्ज. तिथे नदी कातळाच्या अरुंद चिरेतून जाते आणि वर पूल आहे. परत येताना लिंकन वुड्स ट्रेलवर संध्याकाळी तासभर चाला. ही जुन्या लाकूडवाहू रेल्वेची वाट, जवळजवळ सपाट, नदीकाठची. जागोजागी पायाखाली त्या रेल्वेचे जुने स्लीपर अजून मातीत रुतलेले दिसतात. बाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर स्लीपरांवर पाय अडकणार नाही एवढं बघा.

आई-बाबांना एक माथा गाठल्याचं समाधान द्यायचं असेल तर क्रॉफर्ड नॉचमधला माउंट विलर्ड. येऊन-जाऊन ३.२ मैल, चढ ९०० फूट, पूर्वीचा बग्गीचा रस्ता असल्याने चढ सौम्य. वरच्या हिशेबाने दोन तास, तुमच्या घरच्यांना साडेतीन धरा. रोज फिरायला जाणाऱ्या सत्तरीतल्या काकूंना मी तिथे नेलं आहे. वाट अगदी शेवटपर्यंत झाडीतून जाते आणि एकदम कड्यावर बाहेर पडते. समोर हिमनदीने कोरलेलं इंग्रजी 'यू' अक्षरासारखं खोरं, तळाशी रस्ता आणि रेल्वेची रेघ. कड्याला कठडा नाही, मुलांचा हात धरा. उजव्या हाताला दिसतो तो माउंट विली. १८२६ च्या ऑगस्टमध्ये मुसळधार पावसात त्याची दरड कोसळली. खाली राहणारं विली कुटुंब जिवाच्या भीतीने घराबाहेर पळालं, आणि आई-वडील, पाच मुलं आणि दोन नोकर असे नऊही जण गाडले गेले. दरड घरामागच्या खडकाने दुभंगली आणि घर मात्र जसंच्या तसं राहिलं.

माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर आई-बाबांना चढून न्यायची गरज नाही. १८६१ पासूनचा ऑटो रोड आहे, ७.६ मैलांचा, आणि पश्चिमेकडून १८६९ पासून चालणारी दातेरी रुळांची कॉग रेल्वे. तुम्हाला घाटरस्त्यांची सवय असली तरी ऑटो रोडला बराचसा भाग कठड्याविना आहे, उंचीची भीती असेल तर रेल्वे बरी. खाली ऊन असताना वर रस्ता बंद असू शकतो, म्हणून हा बेत चारही दिवस खिशात ठेवा आणि जो दिवस निरभ्र निघेल त्या दिवशी वापरा. आईंना लोकरीची टोपी आणि हातमोजे नक्की द्या, शाल वाऱ्यात टिकत नाही.

कपड्यांचं एकच पाळा: अंगाला सुती काही नको. जीन्स नको, सुती मोजेही नकोत. आतला थर पॉलिएस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा, वर फ्लीस, त्यावर पाऊस आणि वारा अडवणारं जॅकेट, आणि प्रत्येकाचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत. हेडलँप प्रत्येकी एक, मुलांनाही. फोनची टॉर्च धरू नका, थंडीत बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. छापील नकाशा घ्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळूनच प्या. नॅशनल फॉरेस्टात शिकारीला परवानगी असते आणि तुम्ही येता तो काळ शिकारीचाच, म्हणून प्रत्येकाच्या अंगावर भडक नारिंगी काहीतरी असू द्या, टोपी असली तरी पुरे. संध्याकाळी गाडी सावकाश हाका. इथला मूस, म्हणजे हरणाच्या कुळातला अवाढव्य प्राणी, घोड्याहून उंच असतो, अंधारात त्याचे डोळे हेडलाइटच्या वर राहतात आणि तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणामुळे सुटका करावी लागली तर खर्च तुमच्याकडून वसूल करता येतो. 'हाइक सेफ' नावाचं कार्ड मिळतं, माणशी २५ आणि कुटुंबाला ३५ डॉलर. ते घेतलं की साध्या निष्काळजीपणाचा खर्च माफ होतो, बेदरकारपणाचा होत नाही. ते पैसे शोध-सुटकेच्या कामाला जातात. मी दर वर्षी घेतो, तुम्हीही घ्या. तिथले बरेचसे सुटका करणारे लोक स्वयंसेवक आहेत, रात्री-अपरात्री घरचं जेवण सोडून वर चढतात.

शेवटी, रिजला जाल त्या सकाळी आई-बाबा खाली राहतील. त्यांच्या हातात एक कागद द्या, मराठीत लिहिलेला. त्यावर वाटेचं नाव, पण ते इंग्रजी उच्चार जसाच्या तसा देवनागरीत, 'फॉलिंग वॉटर्स ट्रेल, ओल्ड ब्रायडल पाथ, फ्रँकोनिया नॉच', कारण फोनवर तेच वाचून दाखवायचं आहे. गाडीचा रंग आणि नंबर. कोण कोणत्या रंगाचं जॅकेट घालून गेलं आहे. साडेबाराला परत फिरायचं ठरलं आहे हे. संध्याकाळी सहापर्यंत फोन यायला हवा, पण वाटेवर रेंज नसते, म्हणून आठपर्यंत काळजी करू नका, असं लिहा. आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत: आठ वाजले तरी निरोप नाही, तर ९११ ला फोन करून हा कागद वाचून दाखवा. निघण्याआधी बाबांकडून तो एकदा मोठ्याने वाचून घ्या.